‘परत’ या अव्ययाचे तीन अर्थ : बोस्नियातील विस्थापितांच्या पुनरागमनाची परिभाषा

मराठीतील ‘परत’ हे अव्यय दिसावयास साधे, परंतु त्याचे काम तिहेरी आहे. ‘यात्रेकरू परत आला’ या वाक्यात ते माणसाच्या गतीची दिशा दाखविते. ‘उसने दिलेले भांडे परत मिळाले’ येथे वस्तू मूळ धन्याच्या हाती गेली एवढेच ते सांगते. ‘मोडलेला डाव परत मांडला’ असे म्हटले म्हणजे मात्र दिशाही नाही आणि स्वामित्वही नाही. तेथे ‘परत’ म्हणजे निव्वळ ‘पुन्हा’. रोजच्या व्यवहारात संदर्भ अर्थाची निवड करून देतो आणि घोटाळा होत नाही. परंतु हीच कल्पना जेव्हा एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलमात जाऊन बसते आणि तिच्या आधारे लक्षावधी माणसांच्या भवितव्याची योजना होऊ लागते, तेव्हा अर्थांची ही सरमिसळ केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय राहात नाही. बोस्निया व हेर्झेगोविना या देशात १९९५ नंतर विस्थापितांना स्वगृही नेण्याचा जो प्रचंड प्रयोग झाला, त्याचे यशापयश या तीन अर्थांच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे.

बोस्नियातील युद्ध एप्रिल १९९२ मध्ये पेटले आणि १९९५ च्या अखेरीस थांबले. १९९१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ४३ लाख ७७ हजार होती; त्यांपैकी सुमारे २२ लाख लोक, म्हणजे जवळजवळ निम्मे, घरांतून हुसकले गेले. ही हकालपट्टी युद्धाचा अनिष्ट परिणाम नव्हती. युद्धाचा तोच हेतू होता. अमुक प्रदेशात अमुक लोकच राहावेत, एवढ्यासाठी गावे रिकामी करण्यात आली. अमेरिकेतील डेटन येथे २१ नोव्हेंबर १९९५ रोजी तहाच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या व १४ डिसेंबर रोजी पॅरिसमध्ये तो स्वाक्षरित झाला. या तहाने देशाचे दोन घटकप्रदेश मान्य केले : बोस्नियाक व क्रोआट यांचे फेडरेशन आणि सर्बांची रिपब्लिका स्रप्स्का. म्हणजे तलवारीने आखलेली रेघ एका हाताने कायम केली आणि सातव्या परिशिष्टाने दुसऱ्या हाताने ती पुसण्याची प्रतिज्ञा केली. सर्व निर्वासितांना व विस्थापितांना आपल्या मूळ घरी मुक्तपणे जाण्याचा हक्क आहे, असे हे परिशिष्ट आरंभीच घोषित करते.

या घोषणेचे नावीन्य लक्षात येण्यासाठी विसाव्या शतकातील रूढी आठवली पाहिजे. १९२३ च्या लोझान करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली, तेव्हा गेलेल्यांनी परतू नये हीच अट होती. १९४७ च्या फाळणीतही व्यवहारात तेच घडले. मराठी शब्दसंग्रहावर या इतिहासाचा ठसा आहे. सिंधमधून आलेल्यांसाठी कल्याणजवळ छावणी उभी राहिली आणि तिचे पुढे उल्हासनगर झाले. त्या लोकांना मराठीने ‘निर्वासित’ म्हटले. हिंदीने त्यांना ‘शरणार्थी’ म्हटले. मराठी शब्दाची दृष्टी ज्या घरातून काढले गेले त्या घराकडे आहे, हिंदी शब्दाची ज्या दारी आसरा मागितला त्या दाराकडे. परंतु दोहोंतही परतण्याची कल्पना नाही. ‘पुनर्वसन’ हा शब्द तर मराठीत कोयनेच्या धरणग्रस्तांपासून इतका रूढ झाला आहे की नव्या जागी वसणे हाच त्याचा अर्थ बनला; जुन्या जागेवर पाणी चढलेले असते, तेथे परतण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून सातव्या परिशिष्टातील प्रतिज्ञेला ‘पुनर्वसन’ हा मराठी प्रतिशब्द देणे चुकीचे होईल. ती पुनर्वसनाच्या नेमकी उलट होती.

परिशिष्टाची शब्दरचना बारकाईने वाचण्याजोगी आहे. पहिल्याच कलमात दोन हक्क लागोपाठ येतात : एक, माणसाने मूळ घरी परत जाण्याचा, दुसरा, १९९१ पासूनच्या संघर्षात हिरावलेली मालमत्ता परत मिळण्याचा आणि ती देणे अशक्य असल्यास भरपाईचा. पुढे मालमत्तेविषयीच्या आयोगाची तरतूद आहे. तेथे मालमत्तेच्या परत मिळण्यासाठीही माणसाच्या परत जाण्यासाठी वापरलेलाच इंग्रजी शब्द आला आहे. मधल्या एका उपकलमात असेही म्हटले आहे की कोठे जावयाचे याची निवड ज्या त्या व्यक्तीने वा कुटुंबाने करावी. हे उपकलम आणि आरंभीचे ‘मूळ घर’ यांत ताण आहे. निवड व्यक्तीची असेल तर मूळ घरी न जाणे हीसुद्धा एक निवड ठरते. आणि पुष्कळांनी ती केली तर हकालपट्टी करणाऱ्यांचा हेतू निवडीच्या मार्गाने सफल होतो. मसुदाकारांना हा ताण दिसला नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी तो सोडविला नाही, पुढच्यांवर सोपविला.

अंमलबजावणीचे काम अनेकांत वाटले गेले. परतीची योजना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांकडे, मालमत्तेचे दावे नऊ सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे, मानवी हक्कांवरील देखरेख युरोपीय सुरक्षा व सहकार संघटनेकडे, पोलिसांवरील लक्ष संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे, शस्त्रबळ उत्तर अटलांटिक संघटनेच्या सैन्याकडे, घरबांधणीचा पैसा युरोपीय आयोगाकडे व नाना देशांकडे. आणि या सर्वांवर तहाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार असलेले उच्च प्रतिनिधी. एवढ्या हातांत समन्वय कसा साधावा हा प्रश्न त्या काळच्या अहवालांत वारंवार येतो आणि त्याचे उत्तर बहुधा आणखी एका समितीच्या रूपाने देण्यात येते. भारतीय परंपरेत ‘समन्वय’ या शब्दाचा अर्थ अधिक नेमका आहे. वेदान्तसूत्रांच्या पहिल्या अध्यायास समन्वयाध्याय म्हणतात, कारण भिन्न भिन्न वाक्यांचे तात्पर्य एकच आहे हे दाखविणे हे त्याचे कार्य. बोस्नियात आरंभीची चार वर्षे उणीव होती ती याच गोष्टीची. सर्व संस्था एकच शब्द उच्चारीत होत्या आणि त्यांचे तात्पर्य एक नव्हते.

पहिला अर्थ घेऊ. युद्धकाळात एकट्या जर्मनीने सुमारे साडेतीन लाख बोस्नियनांना आश्रय दिला होता. हा आश्रय तात्पुरता असल्याने तह होताच ‘आता परत’ अशी भाषा सुरू झाली आणि १९९६ च्या अखेरीपासून ती अंमलात येऊ लागली. मराठीत ‘परत येणे’ आणि ‘परत जाणे’ यांत भेद आहे : पहिल्या प्रयोगात बोलणारा गंतव्यस्थानी उभा असतो, दुसऱ्यात तो निरोप देणारा असतो. जर्मनीतील ‘परत’ हे जाण्याचे होते. यजमान देशाच्या सीमेबाहेर पडले की ते पूर्ण होत असे. परंतु त्या लोकांपैकी पुष्कळांची घरे रिपब्लिका स्रप्स्काच्या हद्दीत होती व तेथे त्यांना पाऊल टाकण्याची सोय नव्हती. ते विमानातून वा बसमधून उतरले ते फेडरेशनमधील एखाद्या गावी, दुसऱ्या कोणाच्या तरी रिकाम्या घरात. जर्मनीच्या नोंदीत तो मनुष्य परत गेला होता, देशाच्या नोंदीत परत आला होता. प्रत्यक्षात तो पुन्हा एकदा विस्थापित झाला होता आणि त्याने अडविलेल्या घराचा धनी आता परतू शकत नव्हता. उच्चायुक्तपदी असलेल्या सादाको ओगाता यांनी नव्वदचे दशक हे स्वेच्छेने मायदेशी परतण्याचे दशक ठरावे असे म्हटले होते. मायदेशी आणि स्वगृही ही दोन पदे समानार्थी नाहीत, हे बोस्नियाने दाखवून दिले.

हा भेद लपविणे अशक्य झाले तेव्हा एक नवी संज्ञा घडविण्यात आली : ‘अल्पसंख्य पुनरागमन’. ज्या भागात आता दुसऱ्या समाजाची सत्ता व बहुसंख्या आहे तेथे परतणारा तो अल्पसंख्य पुनरागत. आकडेवारीसाठी ही संज्ञा सोयीची होती. परंतु तिच्या पोटात काय आहे ते कोझारात्सच्या उदाहरणावरून कळते. वायव्य बोस्नियातील प्रियेदोर तालुक्यातले हे गाव बहुतांशी बोस्नियाकांचे होते. २४ मे १९९२ रोजी त्यावर हल्ला झाला. जे वाचले त्यांपैकी पुष्कळांची रवानगी ओमार्स्का, केराटर्म व त्र्नोपोल्ये येथील छावण्यांत झाली. १९९८-९९ मध्ये जवळच्या सान्स्की मोस्त येथे साठलेले या गावचे लोक परतू लागले आणि ज्या गावात ते व त्यांचे पूर्वज बहुसंख्य होते तेथे त्यांची नोंद ‘अल्पसंख्य’ म्हणून झाली. म्हणजे परतीची मोजदाद करणारी संज्ञा हकालपट्टीनंतरचा नकाशा गृहीत धरून चालत होती. सातव्या परिशिष्टाने जी रेघ पुसावयाची तीच या शब्दाची व्याख्या झाली. हा दोष केवळ शाब्दिक म्हणून सोडून देता येत नाही, कारण पैसा, संरक्षण आणि प्राधान्यक्रम या शब्दाच्या आधारे ठरत होते.

आता ज्या अडचणीमुळे समन्वय अपरिहार्य झाला ती पाहावयाची. समजा, ‘अ’ हे कुटुंब ‘ब’च्या घरात राहते, ‘ब’ हे दुसऱ्या घटकप्रदेशात ‘क’च्या घरात राहते आणि ‘क’चे आणखी एखाद्या गावातले घर बेचिराख झाले आहे. ‘ब’ला परत जावयाचे तर ‘अ’ला उठविले पाहिजे, ‘अ’ला उठवावयाचे तर त्याला त्याचे घर मिळाले पाहिजे, आणि त्यातही कोणीतरी बसलेले आहे. साखळीच्या टोकाला गवंडी लागतो, मधल्या प्रत्येक कडीला गृहनिर्माण कचेरीतील कारकून आणि दारावर पोलीस लागतो. गवंड्याचा पैसा एका संस्थेकडे, कारकुनावरील दाब दुसरीकडे, पोलिसावरील लक्ष तिसरीकडे. यांपैकी एकजण जरी उशिरा आला तरी सबंध साखळी अडते. अनेकदा असेही होई की घर रिकामे करणारा जाताना दारे, खिडक्या, विजेच्या तारासुद्धा उचकटून नेई आणि धन्याच्या हाती चार भिंती लागत. परतीच्या कल्पनेवर जे सैद्धान्तिक वाङ्मय आहे त्यात या उचकटलेल्या तारांना फारसे स्थान मिळालेले नाही; वास्तविक समन्वयाचा सारा प्रश्न त्यांत सामावलेला आहे.

आरंभीचे उपाय फसले ते का, हे पाहिले तर पुन्हा भाषेशीच यावे लागते. तह झाला त्याच महिन्यात फेडरेशनच्या हद्दीत सोडून दिलेल्या सदनिकांविषयीचा कायदा असा दुरुस्त झाला की देशातल्या देशात विस्थापित झालेल्याने सात दिवसांत व परदेशी असलेल्याने पंधरा दिवसांत परतून ताबा घ्यावा, नाही तर हक्क कायमचा जावा. ६ जानेवारी १९९६ ही त्याची अखेरची तारीख होती. कायद्याने परतीला नकार दिला नाही. तिला तारीख दिली, आणि नकाराचे काम दिनदर्शिकेने केले. आंतरराष्ट्रीय संस्थांचे उपायही शब्दप्रधानच होते. १९९७ मध्ये उच्चायुक्तांच्या कार्यालयाने ‘मुक्त नगर’ योजना काढली : ज्या नगरपालिकेने अल्पसंख्य पुनरागतांस आपली द्वारे खुली असल्याचे जाहीर करावे, तिला साहाय्य मिळावे. कोन्यित्स हे असे पहिले नगर. काही वाक्ये उच्चारल्यानेच कृती घडते, हा तत्त्वज्ञ ऑस्टिन यांचा सिद्धान्त भाषाशास्त्रात सुपरिचित आहे. परंतु त्याला जोडून त्यांनीच सांगितलेली अट अशी की उच्चार करणाऱ्यास तो अधिकार व ती परिस्थिती प्राप्त असली पाहिजे. नगरपालिकेने ‘नगर मुक्त आहे’ असे म्हटल्याने सदनिकेत बसलेला मनुष्य उठत नाही. १९९८ हे तर अल्पसंख्य पुनरागमनाचे वर्ष म्हणूनच घोषित झाले आणि एकट्या सारायेव्होपुढे वीस हजारांचे लक्ष्य ठेवण्यात आले. लक्ष्य दूरच राहिले.

त्याच वर्षी घडलेली एक लहानशी गोष्ट मात्र या सर्व घोषणांहून फलदायी ठरली. तोवर मोटारींच्या क्रमांकपट्ट्या घटकप्रदेशानुसार वेगळ्या असत आणि रेघ ओलांडताच मोटारीतला मनुष्य कोणत्या बाजूचा हे नाक्यावरच्या पोलिसाला व रस्त्यावरच्या गुंडाला दुरूनच वाचता येई. १९९८ मध्ये उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांच्या अधिकारात सर्व देशासाठी एकच पट्टी आली. तीवर अंकांच्या जोडीला फक्त सात अक्षरांतील अक्षर घेण्यात आले : रोमन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत ज्यांचे रूप व उच्चार समान आहेत अशी ती सात अक्षरे होत. रूप तेच पण उच्चार निराळा, अशी जी अक्षरे आहेत ती टाळली गेली. लिपीवरून माणूस ओळखता येऊ नये यासाठी लिपिशास्त्राचा इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल. यानंतर लोक आपापली गावे पाहावयास, थडगी साफ करावयास, अंगणातला राडारोडा उपसावयास रेघेपलीकडे जाऊ लागले. कोणत्याही समितीने न ठरविलेली ही ये-जा पुढील परतीची पूर्वतयारी होती.

निर्णायक पालट १९९९ मध्ये झाला. १९९७ पासून पुनर्बांधणी व पुनरागमन यांसाठी एक संयुक्त कार्यदल अस्तित्वात होतेच. त्याने परतीचे मार्ग निश्चित करून घरबांधणी आणि घरे रिकामी करणे यांची सांगड घालण्याचा यत्न चालविला होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिच यांनी दोन्ही घटकप्रदेशांचे मालमत्ताविषयक कायदे एकाच दिवशी जुळवून लादले, आणि पुढच्याच महिन्यात परतीत अडथळा आणणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना पदच्युत करण्यात आले. याच सुमारास पाच संस्थांनी मिळून मालमत्ता कायद्यांच्या अंमलबजावणीची एक समान योजना आखली. या योजनेचे मर्म असे की तिने ‘परत’ या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे वस्तू धन्याला परत, हा एकच अर्थ धरला व बाकीचे बाजूला ठेवले. अर्जदार बोस्नियाक आहे की सर्ब, परत राहावयास येणार की नाही, हे विचारावयाचे नाही. अर्ज कोणत्या तारखेचा एवढे पाहावयाचे आणि तारखेच्या क्रमाने निकाल लावावयाचा. ज्यांनी दोन घरे अडविली होती त्यांना पंधरा दिवसांची मुदत. अडविणारा सरकारी अधिकारी असेल तर त्याला आधी उठवावयाचे. प्रत्येक नगरपालिकेचे काम एका टक्केवारीत मोजले जाऊ लागले आणि ती टक्केवारी दरमहा प्रसिद्ध होऊ लागली.

परिणाम विस्मयकारक झाला. दोन लाखांहून अधिक दाव्यांपैकी सुमारे ९३ टक्के दावे २००३ च्या अखेरीपर्यंत निकालात निघाले. आयोगानेही तीन लाखांवर निर्णय दिले होते. पहिली काही वर्षे ते कागदावर राहिले, १९९९ नंतर त्यांना दात आले. अल्पसंख्य पुनरागतांची वार्षिक संख्या १९९९ मधील सुमारे ४१ हजारांवरून २००२ मध्ये १ लाख २ हजारांवर गेली आणि सप्टेंबर २००४ मध्ये एकूण परतलेल्यांची संख्या दहा लाखांवर पोहोचल्याचे जाहीर झाले. एवढ्या विस्तृत प्रमाणावर घरे मूळ ताबेदारांना परत मिळाल्याचे दुसरे उदाहरण आधुनिक इतिहासात सापडणे कठीण आहे. जे संस्थांच्या बैठकींनी झाले नाही ते शब्दाचा अर्थ एक झाल्याने झाले.

या यशातील एक सूक्ष्म मुद्दा विशेष उल्लेखनीय आहे. युगोस्लाव्ह काळात शहरांतील असंख्य सदनिका कोणाच्याच खाजगी मालकीच्या नव्हत्या. त्या समाजाच्या मालकीच्या असून राहणाऱ्यास ‘स्तानार्स्को प्रावो’ नावाचा वहिवाटीचा हक्क असे. हा हक्क म्हणजे मालमत्ता नव्हे, असा युक्तिवाद करून त्या परत न करणे सहज शक्य होते. शेजारच्या क्रोएशियात तेच घडले आणि तेथून गेलेल्या हजारो सर्ब कुटुंबांचा शहरांतील हक्क संपुष्टात आला. बोस्नियात सातव्या परिशिष्टाचा शब्द उपयोगी पडला. परिशिष्ट केवळ मालमत्तेविषयी बोलत नव्हते, ‘मूळ घरां’विषयी बोलत होते; आणि वहिवाटीने राहिलेली सदनिका मालमत्ता असो वा नसो, घर तर निःसंशय होती. स्थानिक भाषेतही ‘कुचा’ म्हणजे इमारत आणि ‘दोम’ म्हणजे जेथे माणूस आपला असतो ते घर, असा भेद आहे. मसुद्यातील एका संदिग्ध, भावनेने भारलेल्या शब्दाने येथे कायद्याचे काम चोख केले. परिभाषा नेहमी कोरडी व नेमकीच असावी असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परंतु येथूनच टीकेला आरंभ होतो. घर माणसाकडे परत आले. माणूस घराकडे परत आला काय? मराठीत ही दोन वाक्ये एका अव्ययावर उभी राहतात म्हणून त्यांतील अंतर चटकन जाणवते. किल्ली हाती आल्यानंतर पुष्कळांनी घर विकले, अथवा रेघेपलीकडच्या कोणाशी बदलून घेतले. शहरांतील सदनिकांच्या बाबतीत हे अधिक घडले. खेड्यांत परतले ते बहुधा वयोवृद्ध, ज्यांना शेत आणि कबरस्तान दोन्ही जवळ हवे होते. पुनरागमनाचे आकडे मात्र नोंदणीवरून काढलेले असत, आणि नोंद झालेला प्रत्येकजण पुढेही तेथेच राहिला असे त्यांवरून सिद्ध होत नाही. परिशिष्टाने भरपाईसाठी जो निधी कल्पिला होता तो तर कधीच उभा राहिला नाही. त्यामुळे ज्याला परतावयाचे नव्हते त्यालासुद्धा घर परत मागण्यावाचून मार्ग नव्हता. विक्री हीच त्याची भरपाई झाली. अशा माणसाचा दावा निकाली निघाला की तो यशाच्या टक्केवारीत जमा होई, आणि वाचणारा त्या टक्केवारीचा अर्थ परतलेली माणसे असा करी.

या टीकेला योजनेच्या समर्थकांचे उत्तर आहे आणि ते हलके नाही. परतणे हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. किल्ली हाती असलेला मनुष्य परतावयाचे की विकावयाचे ते ठरवू शकतो, किल्ली नसलेला काहीच ठरवू शकत नाही. लोकांनी कोठे राहावे हे परदेशी मुत्सद्द्यांनी ठरविणे, मग ते कितीही उदात्त हेतूने असो, हकालपट्टी करणाऱ्यांच्याच विचारपद्धतीच्या जवळ जाते. हे सर्व मान्य करावे लागते. आक्षेप आहे तो अर्थ संकुचित करण्याला नव्हे. अर्थ संकुचित करून जुनाच व्यापक शब्द मिरविण्याला आहे. ‘घरे परत दिली’ असे म्हणून थांबावयास हवे होते. ‘माणसे परतली’ असे त्यातून सूचित होऊ देणे हे दात्या राष्ट्रांच्या सोयीचे होते, कारण शेवट झाला असे म्हणता येत होते. २००३ च्या अखेरीस कार्यदल विसर्जित झाले, आयोगाचा कार्यकाल संपला आणि उरलेले काम देशाच्या मंत्रालयाकडे सुपूर्द करण्यात आले. वास्तविक पैशाचा ओघ त्याआधीच आटला होता. १९९९ मध्ये कोसोव्होचे संकट उभे राहिले, दात्यांचे लक्ष तिकडे वळले. आणि नेमक्या त्याच सुमारास बोस्नियातील लोक कोणाची वाट न पाहता आपापल्या पडक्या घरांच्या जागी तंबू ठोकून राहू लागले होते. पैसा होता तेव्हा माणसे जाऊ शकत नव्हती, माणसे गेली तेव्हा पैसा नव्हता.

या प्रश्नाचा विचार अभ्यासकांनी केलेला नाही असे नाही. इथिओपियात परतलेल्या टिग्रेवासीयांचा अभ्यास करणाऱ्या लॉरा हॅमंड यांनी १९९९ मध्येच पुनरागमनाच्या साऱ्या परिभाषेवर आक्षेप घेतला होता : या क्षेत्रातील बहुतेक शब्दांना ‘पुनः’ हा उपसर्ग लागलेला असतो आणि त्यामुळे पूर्वीची एक सुस्थिती होती व तीच पुन्हा आणावयाची आहे असा भास होतो. टोल आणि डालमन यांनी ‘बोस्निया रीमेड’ या २०११ च्या ग्रंथात झ्वोर्निक, याय्त्से व दोबोय या तीन ठिकाणांचा इतिहास तपशिलाने मांडला आहे. हकालपट्टी पूर्णतः उलटविता आली नाही आणि ती करणाऱ्यांना हवे होते तेही पूर्णतः साधले नाही, हा त्यांचा निष्कर्ष संतुलित आहे. स्टेफ यान्सेन यांनी घर म्हणजे केवळ स्थळ नसून तेथे पुढे काहीतरी होईल अशी आशाही असते, याकडे लक्ष वेधले आहे. परंतु हॅमंड यांचा आक्षेप एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. ‘पुनः’ हा उपसर्ग फसवा असला तरी परतणाऱ्यांची मागणी त्याच उपसर्गाची असते. त्यांना नवे घर नको असते, तेच हवे असते. दुसरा शब्द सुचविणाऱ्या विद्वानाचे त्यांना कौतुक वाटण्याचा संभव कमी.

उरतो तो तिसरा अर्थ, मोडलेला डाव परत मांडण्याचा; आणि समन्वय सर्वांत दुबळा ठरला तो येथेच. परिशिष्टाने सामंजस्यपूर्ण पुनर्मीलनाची परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी पक्षांवर टाकली होती, परंतु तिची टक्केवारी काढणारी कोणतीही योजना झाली नाही. बोस्नियातील लोक शेजारधर्माला ‘कोम्शिलुक’ म्हणतात. शब्द तुर्की मूळाचा, पण तिन्ही समाजांच्या तोंडी असलेला. आणि मराठीतील ‘शेजार’ ज्याप्रमाणे माणूस, जागा आणि नाते या तिन्ही गोष्टी एकदम सांगतो तसाच अर्थ सांगणारा. तो परत मिळावा असा अर्ज करण्याची सोय कोणत्याही कचेरीत नव्हती. निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा घटकप्रदेशाला बांधलेले असल्याने रेघ ओलांडून परतणाऱ्या म्हाताऱ्याला औषधासाठी अनेकदा पुन्हा पलीकडे जावे लागे. परतलेल्यांना नोकरी मिळणे दुर्घट होते. आज कोझारात्स पुन्हा उभे आहे. पण ते उभारले ते मुख्यतः परदेशी स्थिरावलेल्या त्याच गावच्या लोकांच्या पैशाने. उन्हाळ्यात ते गजबजते आणि सुट्टी संपली की पुष्कळ घरांची दारे बंद होतात. २०१३ च्या जनगणनेत फेडरेशनमधील सर्बांचे प्रमाण २.५ टक्के भरले. युद्धापूर्वी त्याच प्रदेशात ते सुमारे १७ टक्के होते.

आणि शाळा. फेडरेशनच्या काही जिल्ह्यांत परतलेल्यांची मुले त्याच इमारतीत, पण वेगळ्या दाराने वा वेगळ्या पाळीत, वेगळा अभ्यासक्रम शिकू लागली. ‘एका छपराखाली दोन शाळा’ हे त्या व्यवस्थेचे नाव. आरंभी ती परत येणाऱ्यांना निदान शाळेच्या आवारात जागा मिळावी म्हणून केलेली तात्पुरती तडजोड होती. ब्रच्को जिल्ह्यात, जेथे आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षकाच्या हाती एकवटलेला अधिकार होता, २००१ पासून मुले एकत्र बसू लागली. इतरत्र तडजोड टिकून राहिली. रिपब्लिका स्रप्स्कामध्ये प्रश्न निराळ्या रूपाने आला. डेटनचा तह बोस्नियन, क्रोएशियन, इंग्रजी व सर्बियन अशा चार भाषांत झाला असून चारही पाठ सारखेच प्रमाण आहेत. परंतु या घटकप्रदेशाच्या राज्यघटनेत भाषांची ही नावे न घेता ‘सर्ब लोकांची भाषा’, ‘बोस्नियाक लोकांची भाषा’ व ‘क्रोआट लोकांची भाषा’ असे म्हटले आहे. त्याप्रमाणे शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘बोस्नियन’ हे विषयनाव लिहिण्यास नकार मिळू लागला. २०१३ मध्ये कोतोर वारोश तालुक्यातील व्र्बान्यत्सी आणि ब्रातुनात्स तालुक्यातील कोन्येविच पोल्ये येथील बोस्नियाक पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले. कोन्येविच पोल्येच्या पालकांनी तर सारायेव्होत उच्च प्रतिनिधींच्या कचेरीसमोर तंबू ठोकला. त्यांना त्यांची घरे कधीच परत मिळाली होती, ती घरे पुन्हा बांधलीही गेली होती, आणि ती मंडळी तेथे खरोखर राहातही होती. वाद एका विशेषणाचा होता. ज्या मुलांसाठी तो चालला होता त्यांपैकी कोणीही युद्ध पाहिलेले नव्हते.